नामीच्या पाट्या

मुलांनो, आधी उभे राहा. बसल्या जागी हे जमायचं नाही. आता समजा, तुमच्या डोक्यावर बांबूची एक पाटी आहे, काठोकाठ सुक्या जवळ्यानं भरलेली. जवळा म्हणजे नखाएवढी कोलंबी. वाळली की हलकी होते, पण पाटीभर झाली की मानेला कळते. पाटीखाली जुन्या लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ आहे. आता खाली, आपल्या पायांकडे बघा. नाही बघता येत ना? मान वाकली की पाटी गेली. म्हणजे वाटेतला दगड डोळ्यांनी नाही, तळव्यांनी ओळखायचा. आणि समोर घाट आहे.

हां, असेच उभे राहा. माझी आई अशी चालायची. तिच्या मागून दहा वर्षांची मी, हौसा, मोकळ्या हातांनी, कधी उड्या मारत तर कधी शेळीसारखी हातपाय टेकत चढायची.

आमची वाडी समुद्राला लागून. बाबा होडीवर, आई वाळवणावर. दर गुरुवारी पहाटे आई भरली पाटी घेऊन निघायची, ती उन्हं तापायच्या आत घाटाच्या मध्यावर पोहोचायची. तिथं माणसाच्या खांद्याइतका उंच दगडी कट्टा होता. एकट्या माणसाला डोक्यावरचं ओझं उतरवता येत नाही आणि उतरवलं तर परत चढवता येत नाही, म्हणून कुण्या भल्या माणसानं तो बांधला होता. कट्ट्याकडे पाठ नाही, तोंड करायचं, गुडघे किंचित वाकवायचे आणि पाटी सरकवून द्यायची. लोक त्याला नुसतं ‘टेक’ म्हणत.

टेकावर वरून नामीबाय उतरून आलेली असायची. ती घाटमाथ्यावरच्या ठाकरवाडीतली. बांबूच्या पाट्या विणायची. आमच्या वाळवणाला पाट्या सतत लागत; खाऱ्या पाण्यानं बांबू कुजतो, एक पाटी दोन-तीन महिन्यांवर टिकत नाही. नामी दर खेपेला एक पाटी आणायची, आणि तिचा मोबदला त्या पाटीनंच ठरायचा. आई नामीची रिकामी पाटी आपल्या जवळ्यानं एकदा भरायची, तो जवळा नामीच्या फडक्यात ओतायची. पाटी आईची, जवळा नामीचा. मोठी पाटी आणली तर जवळा जास्त, पण मोठी पाटी आईच्या डोक्याला झेपायची नाही. त्यामुळे दोघींनी न बोलता एक माप धरलं होतं. मापावरून कधी वाद झालेला मी पाहिला नाही. नामी नुसती म्हणायची, “पोशीबाय, दाबून भर गो, वर नुसती हवा नको.” आणि आई म्हणायची, “तुझ्या पाटीला भोकं किती, त्यांतून हवाच जाते.” मग दोघी हसायच्या.

मला चढाचं काही वाटायचं नाही, कारण टेकावर बुधी असायची.

बुधी ही नामीची मुलगी. माझ्याच वयाची, पण माझ्याहून वीतभर ठेंगणी. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. वाडीतल्या मुली मला ‘मास्तरीण’ म्हणून चिडवत आणि खेळात घेत नसत, कारण मुलींमध्ये शाळेत जाणारी मी एकटीच. बुधीला मात्र शाळेचं फार वेड. ती माझ्याकडून पाढे शिकून घ्यायची आणि म्हणायची, गाण्यासारखे, चाल लावून. एकोणीसचा पाढा तिला सगळ्यात आवडायचा; का, ते तिलाही सांगता यायचं नाही. मी तिच्यासाठी शिंपले न्यायची, ती माझ्यासाठी करवंदं, तोरणं अशी रानातली फळं, कधी पानात बांधलेला मधाच्या पोळ्याचा तुकडा. आठवड्याचे सहा दिवस मी सातव्याची वाट बघत काढायची. तासभराची भेट असायची. पण तो तास मला आठवडाभर पुरायचा.

मग एका गुरुवारी मी एक वाक्य बोलले.

त्याच्या आदल्या दिवशी शेजारची धाकूमावशी आमच्या अंगणात बसली होती. आई तुटलेल्या पाटीची कड नीट करत होती. आईचे वडील खाडीत लावायचे बांबूचे सापळे बनवायचे, त्यामुळे बांबूचं काम आईच्या बोटांत होतं. आणि काय सुबक! धाकूमावशी म्हणाली, पोशे, तू एवढी विणणारी, अर्ध्या दिवसात पाटी उभी करशील, आणि त्या नामीच्या सैल पाट्या घ्यायला घाट चढतेस. तिची दोन बोटं आखडलेली, तिला एका पाटीला दीड दिवस लागतो. कीव येते म्हणून घेतेस होय? आईच्या दातांत बांबूची सालटी धरलेली होती. ती काही बोलली नाही. मी समजले, हो.

दुसऱ्या दिवशी टेकावर आई झऱ्यावर तोंड धुवायला गेली. नामी आपलं फडकं पसरत होती. मी आणि बुधी सागरगोटे खेळत होतो. मी तीनदा हरले. बुधी खदाखदा हसून म्हणाली, “तुमास्नी काय येतंय? पाटीसुद्धा आमचीच लागते तुमाला.”

मुलांनो, हरलेल्या माणसाच्या तोंडी काय येईल ते त्यालाच ठाऊक नसतं. मी म्हणाले, “माझी आई तुझ्या आईपेक्षा चांगली पाटी विणते. दिवसाला दोन. तुझ्या आईची बोटं वाकडी आहेत, म्हणून आई कीव करून घेते.”

सागरगोटा बुधीच्या मुठीतच राहिला. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती. मी वळले. नामी दोन पावलांवर उभी होती. तिनं पसरलेलं फडकं उचललं, झटकलं, घडी केलं. डावा हात, दोन बोटं आत वळलेला, तिनं पदराखाली घेतला. तेवढंच मी पाहिलं. आई झऱ्यावरून आली तर तिला म्हणाली, घरी काम हाय, आज जाते. आणलेली पाटी टेकावर ठेवली, जवळा घेतलाच नाही. आई मागून हाका मारत राहिली. बुधीनं एकदाच मागे पाहिलं, आणि वळणाआड गेली.

आईनं मला विचारलं, काय झालं गो? मी म्हणाले, काय माहीत.

पुढच्या गुरुवारी टेकावर कुणी नव्हतं. आई पाटी टेकवून बसली. ऊन समोरच्या कातळावर आलं, कातळावरून उतरलं. मी वरच्या वळणावर डोळे लावून होते. वाळलं पान हललं तरी वाटायचं, आली. शेवटी आईनं भरलेली पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. भरलं ओझं घेऊन घाट उतरणं चढण्यापेक्षा वाईट; गुडघे बोलतात. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मी शिंपले नेले होते. परत येताना ते टाकवेनात आणि ठेवून यायलाही कुणी नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी आई गेलीच नाही. मी घाटाच्या पायथ्यापर्यंत एकटी जाऊन आले. तिथून टेक दिसत नाही, हे मला माहीत होतं. तरी गेले.

त्याच दिवसांत शाळेत एक गंमत झाली. आमचे खांबेटे गुरुजी पाचवीपर्यंतच्या सगळ्या वर्गांना एकाच खोलीत शिकवायचे, आणि कंटाळा आला की भलतंच काहीतरी काढायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, माणूस कुठल्या गोष्टीत सगळ्या प्राण्यांच्या पुढे आहे? पोरं पळण्यात म्हणाली, तर गुरुजींनी हरीण आणि वाडीतली कुत्रीसुद्धा पुढे काढली. झाडावर चढण्यात माकड, पोहण्यात मासा, ताकदीत बैल. वास घेण्यात तर मांजर आपल्याला हसेल, म्हणाले. फळ्यावर यादी होत गेली आणि प्रत्येक ठिकाणी माणूस मागे.

“आणि तरी कधीकाळी आपले पूर्वज चार पायांवरून उठून दोन पायांवर उभे राहिले,” गुरुजी म्हणाले. “पळणं गेलं, चढणं गेलं. सगळा तोटाच. मग काय मिळवलं?”

मग गुरुजींनी कोपऱ्यातले दोन नारळ आणले. धर्मा नाखव्याच्या झिपऱ्याला म्हणाले, हातपाय टेकून चाल आणि हे दोन्ही दारापर्यंत ने. झिपऱ्यानं एक नारळ शेंडीनं दातांत धरला, दुसरा डोक्यानं ढकलायला लागला. नारळ चौथीच्या मुलांच्या लिहायच्या पाट्यांवर जाऊन आदळला. खोलीभर हसू. झिपऱ्याच्या तोंडात काथ्या गेला, तो थू थू करत उभा राहिला, आणि चिडून दोन्ही नारळ दोन काखांत मारून दाराशी नेऊन आपटले.

“बघा,” गुरुजी म्हणाले. “नक्की कुणालाच माहीत नाही हां. फार जुनी गोष्ट आहे, तेव्हा बघायला कुणी नव्हतं. वेगवेगळी माणसं वेगवेगळं सांगतात. पण काही जण म्हणतात, उभं राहिल्यामुळे हात मोकळे झाले, आणि मोकळ्या हातांत खाणं धरून माणूस ते दुसऱ्याकडे नेऊ लागला. जिथं सापडलं तिथंच बसून एकट्यानं खायचं असतं, तर चार पाय बरे होते.”

मी विचारलं, “म्हणजे दुसरं कुणी नसतं तर आपण उभेच राहिलो नसतो?”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, तसं ठामपणे सांगता येणार नाही, पण प्रश्न चांगला आहे. तू मोठी झालीस की मला उत्तर सांग. मी खाली बसले. वर्ग हसत होता.

घरी पाट्या संपत आल्या होत्या. तो हंगामाचा शेवट होता. पावसाच्या आधी जेवढं वाळेल तेवढं वाळवायचं, वर्षाचं कालवण त्यावर. होड्या रोज जवळा घेऊन येत होत्या. जुन्या पाट्यांची बुडं गेलेली, आणि गावच्या बाजारात बुरुडाकडे पाट्या मिळेनात. सगळ्या वाड्यांना एकाच वेळी लागतात. आईनं एक दिवस बांबू आणला आणि अंगणात मांडी घालून बसली. मला म्हणाली, मी दोन पाट्या करते, तोवर जवळ्याकडे तू बघ. मला आनंदच झाला. मनात म्हटलं, बघा, आईला सगळं येतं. नामीवाचून काही अडत नाही. तेवढं खरं ठरलं असतं तर मी बोलले तेही खरं ठरलं असतं, आणि माझा गुन्हा जरा हलका झाला असता.

जवळ्याकडे बघणं म्हणजे काय, ते लांबून बघणाऱ्याला कळत नाही. ओला जवळा खळ्यात पातळ पसरायचा. वारा कुठून येतो त्याप्रमाणे हातानं उलटायचा, एकदा नव्हे, दिवसात आठ-दहा वेळा. गुठळी दिसली की फोडायची. कावळे हाकायचे, कुत्री हाकायची. ऊन फार चढलं की जवळा करपतो, कमी पडलं की आंबतो. आईचा हात त्यावरून नुसता फिरायचा आणि तिला कळायचं. मी उलटत होते, पण वरवर. खालचा थर ओलाच. दुपारी वारा पडला. मी माडाच्या सावलीत जरा टेकले.

आई काम टाकून दोनदा उठून आली. जवळ्यात हात घातला, पुन्हा पाटीकडे गेली. पाटी अर्ध्यावर, तिला सोडताही येईना. संध्याकाळी दोन पाट्या झाल्या. देखण्या. काठ असे बसवलेले की बोट घालायला फट नाही. आणि खळ्यातून वास यायला लागला होता. चार पाट्या जवळा गेला. आईनं तो माडांच्या बुंध्याशी नेऊन टाकला. धाकूमावशी कुंपणावरून बघत होती. तिनं नाकाला पदर लावला.

मी आईजवळ गेले आणि सगळं सांगितलं. सागरगोटे, कीव, वाकडी बोटं, पदराखाली गेलेला हात. मला वाटलं, आई मारेल. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खळ्याच्या काठावर बसली आणि हातातल्या नव्या पाटीकडे बघत राहिली.

“कीव कोण म्हणालं तुला?”

“धाकूमावशी म्हणाली. तू काही बोलली नाहीस.”

“माझ्या तोंडात सालटी होती गो.” आईनं नवी पाटी माझ्यापुढे धरली. “आता बघ. ही पाटी मी विणली, मला कितीला पडली?”

मी म्हणाले, कितीला म्हणजे? बांबू तर आपलाच.

“दोन पाट्या विणल्या, चार पाट्या जवळा गेला. एकेक पाटी मला दोन पाट्या जवळ्याला पडली. नामीला मी काय देते? एका पाटीला एक पाटी. मग सांग, कोण कोणावर कीव करतं?”

मी माडांच्या बुंध्याकडे बघितलं.

“आणि नामी,” आई म्हणाली, “एक उन्हाळा आपल्याकडं कामाला राहिलेली, तू तेव्हा पाळण्यात. जवळ्यात तिचा हात बसला नाही. दीड दिवस राबून अर्धी पाटी धड निघायची नाही. तेवढ्याच दीड दिवसात ती वर बसून पाटी करते आणि पाटीभर जवळा नेते. मी तिच्याहून पाटी चांगली विणते, खरं हाय. जवळाही चांगला वाळवते. पण तिच्या पाटीवाचून माझा जवळा वाळत नाय. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या जिवावर उभ्या आहोत, हौसे.”

मी रडत होते. मी म्हणाले, तू जा ना वर, तिला सांग. आई म्हणाली, मी गेले तर तिला वाटेल, परत कीव करायला आली. ज्याच्या तोंडून पडलं, त्यानं उचलायचं.

तर गुरुवारी मी निघाले. एकटी. आईनं चुंबळ बसवली, त्यावर नामीचीच एक जुनी पाटी, त्यात माझ्या मानेला झेपेल एवढा जवळा. पायथ्यापर्यंत ती बरोबर आली. तिनं एकच सांगितलं, खाली बघायचं नाही.

माझं आजवरचं घाट चढणं म्हणजे चार पायांचं चढणं होतं. अवघड कातळ आला की मी हात टेकायची. आता हात वर, पाटीच्या काठाला. कातळाशी आल्यावर मी कितीतरी वेळ नुसती थांबले. मग अंगठ्यानं खाच शोधली, भार दिला, दुसरी शोधली. मान अशी दुखायला लागली की डोळ्यांपुढे काजवे. जवळ्याची पूड घामाबरोबर डोळ्यांत उतरत होती आणि ती पुसायला हात नव्हता. टेकावर आले, पाटी सरकवली. तिथं कुणी नव्हतं. बुधी बसायची तो दगड होता. मी त्यावर बसले नाही. पाणी प्यायले, पाटी पुन्हा डोक्यावर ओढली आणि ज्या वळणाआड ती गेली होती, त्या वळणावरून पहिल्यांदाच वर गेले.

ठाकरवाडीत पाच-सहा झोपड्या. नामीची विचारावी लागली नाही. अंगणात बांबूच्या चोयांचा ढीग होता आणि ढिगाशी नामी बसली होती. कोयत्यानं बांबू फोडत होती. डाव्या हाताच्या तीन बोटांनी कांब धरायची, बाकी दोन आत. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले. तिनं मला पाहिलं. कोयता थांबला, मग परत चालू झाला.

त्या मुलखात एक रीत होती. डोक्यावर ओझं घेऊन कुणी दारात उभं राहिलं, की आधी उठून त्याच्या ओझ्याला हात लावायचा. मग तो वैरी का असेना. भांडायचं ते ओझं खाली आल्यावर. नामी उठली नाही. आजूबाजूच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही ते दिसलं, आणि त्यांतलीही कुणी पुढे आली नाही. घर नामीचं, दार नामीचं.

तिथं टेक नव्हता. उतरवायला गेले असते तर सगळा जवळा मातीत. मी उभी राहिले.

हातातली कांब फोडून झाल्यावर नामी म्हणाली, “कशापायी आलीस?”

“जवळा आणलाय.”

“तुझ्या आईस तर समदं येतंय. पाट्या येतात. दिवसाला दोन.”

“येतात,” मी म्हणाले. वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, माफी मागायची. त्यांतलं एकही आठवेना. “तिला सगळं येतं. पण तिला हात दोनच आहेत.”

नामीनं कोयता खाली ठेवला.

“दोन पाट्या विणल्या तिनं,” मी म्हणाले, “आणि चार पाट्या जवळा आंबला. फेकून दिला. माडाला घातला. मी पाहिलंय. नामीमावशी, ती कीव नव्हती. ते मी माझ्या मनानं बोलले.”

नामी माझ्याकडे बघत होती. पण तिचे डोळे माझ्या तोंडावर नव्हते, पाटीवर होते. ती तिचीच पाटी होती, होळीच्या आधीची. बुडाला आईनं सुतळीनं ठिकठिकाणी सांधलेली. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझी मान आता दुखत नव्हती. ती माझी राहिलीच नव्हती. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. झोपडीच्या दारात हालचाल झाली. बुधी.

ती मला बघून हसली नाही. नामी म्हणाली, “बुधे, आत जा.” ती आत गेली नाही, बाहेरही आली नाही. उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर.

मुलांनो, मी पुढे तुमच्यासारख्या कितीतरी मुलांना शिकवलं. घाटातून पुढे रस्ता झाला, गाड्या आल्या, प्लास्टिकच्या पाट्या आल्या, आणि गुरुवार हा इतर वारांसारखा एक वार झाला. बुधी लग्न होऊन घाटापलीकडे कुठंशी गेली; गावाचं नाव मला दोघांनी दोन सांगितलं. दोन्ही गावांना मी जाऊन आले. ती कुठंच नव्हती. माझ्याकडे एकोणीसचा पाढा आहे, तिच्या चालीतला. तो अजूनही मी सरळ म्हणू शकत नाही. आणि तो दिवस आहे. तो इतका स्वच्छ आहे, की आताही डोळे मिटले तर मी त्या अंगणात, मान ताठ ठेवून उभी असते, आणि ती उंबऱ्यावर.

नामीनं पुन्हा सांगितलं, आत जा. या वेळी आवाज चढवून नाही, थकून.

बुधी आत गेली. मला वाटलं, संपलं. आतून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. मग ती पाठमोरी बाहेर आली, वाकून, दोन्ही हातांनी भाताचं लाकडी उखळ ओढत. ते तिच्या कमरेइतकं होतं. उंबऱ्याला अडकलं, तर तिनं खांदा लावून ढकललं. ते अंगणात आडवं पडलं आणि गडगडत आलं. नामीच्या पायाजवळून तिनं ते नेलं. नामीनं पाय मागे घेतला.

बुधीनं ते माझ्यासमोर आणलं, पालथं घातलं, डुगडुगतं का ते हातानं बघितलं. मग लुगडं खोचून त्यावर चढली. आता ती माझ्याहून उंच झाली. तिच्या श्वासाला नाचणीच्या भाकरीचा वास होता. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, तिच्या आईकडेही बघितलं नाही. तिनं आपले दोन्ही हात पुढे केले आणि पाटीच्या काठाला लावले.